खमका माणूस आणि साध्या सह्या

(द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास)

‘वर एक खमका माणूस बसला पायजे, मग बघा समदे कसे सुतासारखे सरळ व्हत्यात!’ हे वाक्य कळायला लागल्यापासून मी ऐकत आले आहे. पारावर, एस. टी.च्या मागच्या बाकावर, दळणाच्या रांगेत कुणी ना कुणी ते उच्चारतोच आणि ऐकणारे माना डोलावतात. आमचे अण्णाही त्यांतलेच. ते मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांची चेष्टा करण्याचा मला अधिकार नाही. आजीचे नाव रेशनकार्डावर पुन्हा चढवून घेण्यासाठी त्यांना एका कचेरीत सात खेपा घालाव्या लागल्या. अर्ज आता ऑनलाइन झाले, पण खेपा काही चुकल्या नाहीत. दर खेपेला एका दिवसाची हमाली बुडाली. अशा माणसाच्या तोंडून हे वाक्य निघाले, तर त्याला लोकशाहीचे गोडवे ऐकवणे म्हणजे उपाशी माणसापुढे पाकशास्त्राचे पुस्तक ठेवण्यासारखे आहे.

परंतु मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजी अंगठा उठवते, आई कशीबशी सही करते. त्यामुळे घरातलेच नव्हे, तर अख्ख्या आळीचे फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे असते आणि जगातल्या साऱ्या प्रश्नांची उत्तरेही माझ्याकडे असावीत, असे सर्वांना वाटते. एकदा अण्णांनी विचारले, ‘पोरी, तू इतिहास शिकतीस ना? मग सांग, असा खमका माणूस कुठं आला व्हता का? आन् त्यानं काय केलं?’ प्रश्न खोचक नव्हता, खराच होता. त्याचे उत्तर मांडण्याचा हा प्रयत्न.

विसाव्या शतकात असे खमके पुष्कळ होऊन गेले. इटलीत मुसोलिनी, रशियात स्टालिन, स्पेनमध्ये फ्रँको. पण सगळ्यांची जंत्री देण्यापेक्षा एकाची गोष्ट नीट सांगावी, म्हणून जर्मनी घेते.

हिटलरने बंदुकीच्या जोरावर सत्ता बळकावली, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. तसा प्रयत्न त्याने १९२३ च्या नोव्हेंबरात म्युनिक शहरात केला होता खरा. पण तो पार फसला. राजद्रोहाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे नऊ महिन्यांत तो सुटलाही! तुरुंगातून बाहेर येताना त्याने एक धडा पक्का केला होता. राज्य उलथायचे, तर ते दारातून आत शिरून उलथायचे. भिंत फोडून नव्हे.

१९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. लोकांनी त्याला जवळजवळ हसण्यावारी नेले. पण १९२९ साली जागतिक मंदी आली. कारखाने बंद पडले. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे ६० लाख माणसे बेकार होती. घरोघरी रिकाम्या हातांनी बसलेली माणसे, आणि बर्लिनमध्ये रोज भांडणारे पक्ष! अशा वेळी खमका माणूस सर्वांनाच हवासा वाटू लागतो. त्याच्या जागा १२ वरून १०७ झाल्या आणि १९३२ च्या जुलैत २३०.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की संसदेला बाजूला सारण्याची सवय हिटलरच्या आधीच लागली होती. वायमार राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला संकटकाळी वटहुकूम काढता येत असे. १९३० पासून कारभार बहुतांशी याच कलमावर चालला होता. कुलूप आधीच सैल झाले होते. पुढच्या माणसाला फक्त हात लावायचा होता. दुसरी गोष्ट म्हणजे, खुल्या निवडणुकीत हिटलरला बहुमत कधीच मिळाले नाही. १९३२ च्या नोव्हेंबरात तर त्याच्या जागा घटून १९६ वर आल्या. त्या संसदेत सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट या दोन पक्षांच्या मिळून २२१ जागा होत्या, म्हणजे त्याच्याहून जास्त. पण ते दोघे एकमेकांनाच पहिला शत्रू मानत. दोघांची भांडणे आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण जर्मन भाषेतही असली पाहिजे!

मग तो सत्तेवर आला कसा? तर शिष्ट, सुशिक्षित, कुलीन माणसांनी त्याला बोलावून आणले. ३० जानेवारी १९३३ रोजी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला पंतप्रधान नेमले, म्हणजे त्यांच्या भाषेत चॅन्सेलर. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन. बाकीचे जुने, मुरलेले पुढारी. हा अडाणी माणूस गर्दी जमवील आणि राज्य आपण करू, असा उपचॅन्सेलर पापेन यांचा हिशेब होता. परंतु त्या तिघांपैकी एकाकडे देशाचे गृहखाते आणि दुसऱ्याकडे प्रशियाचे, म्हणजे जर्मनीच्या निम्म्याहून मोठ्या भागाचे पोलीस गेले होते. बाकीच्यांना खुर्च्या मिळाल्या, यांना दंडुका मिळाला.

पुढचे सारे दोन महिन्यांच्या आत घडले. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी ‘जनता व राज्य यांच्या संरक्षणासाठी’ वटहुकूम निघाला. भाषण, वृत्तपत्रे, सभा, टपालाची गुप्तता, सारी स्वातंत्र्ये एका सहीने स्थगित झाली. तो वटहुकूम नाझी राजवट संपेपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत कायम राहिला. तात्पुरत्या गोष्टी किती काळ टिकतात, पाहा! पाठोपाठ ५ मार्चच्या निवडणुकीत, विरोधकांची धरपकड चालू असतानाही, त्याला ४३.९ टक्केच मते पडली. शेवटी २३ मार्च रोजी संसदेने स्वतःच कायदा केला, की यापुढे कायदे सरकारनेच करावेत! बाजूने ४४४ मते पडली, विरुद्ध ९४. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाला लेखी आश्वासन देण्याचे कबूल केले होते. त्या भरवशावर त्यांनी होकार दिला. ते पत्र कधीच आले नाही आणि जुलैत तो पक्षही उरला नाही.

सत्ता मिळाली ती अशी. आता ती टिकवली कशी, हे पाहू.

अण्णांना ही गोष्ट सांगताना ते इथपर्यंत नुसते ‘हूं’ म्हणत होते. राजेरजवाड्यांची भांडणे त्यांना काय! पण पुढे मी सांगितले, की १९३३ साली हिटलरने १ मे हा कामगारांचा दिवस सरकारी सुटीचा केला. मोठा सोहळा झाला, कामगारांचा जयजयकार झाला. आणि दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभरातल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना पकडण्यात आले. अण्णा ताठ बसले. ‘आन् त्यांचा पैका?’ त्यांनी विचारले. तोही गेला, मी म्हटले. अण्णांच्या पिढीने पाठीवरच्या पोत्याइतकेच संघटनेचेही वजन ओळखले आहे. १९६९ चा माथाडी कायदा हमालांना कुणी दान दिलेला नाही. त्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली होती. बिल्ला, हजेरी, फंड यांचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही.

‘पर कामं तरी मिळाली का न्हाई लोकास्नी?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मी प्रामाणिकपणे दिले. मिळाली. १९३७ पर्यंत बेकारांचा सरकारी आकडा दहा लाखांच्या खाली आला. पण त्यातली पुष्कळशी कामे तोफा आणि विमाने बनवण्याची होती. संप गुन्हा ठरला. १९३५ पासून कामगाराला ‘कामाचे पुस्तक’ बाळगावे लागे. पुढे पुढे तर नोकरी बदलायचीही मोकळीक उरली नाही. आणि त्या तोफांचे काय करायचे, याचे उत्तर १९३९ साली साऱ्या जगाला मिळाले.

मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते एका फॉर्मने. ७ एप्रिल १९३३ रोजी सरकारी नोकरांविषयी एक कायदा झाला. आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असला, तरी तो नोकर ‘अनार्य’ ठरू लागला. म्हणजे कुणीतरी ते फॉर्म छापले, कुणी वाटले, कुणी तपासले, कुणी शिक्का मारला. त्यांतले बहुतेक जण दुष्ट नव्हते. ते वेळेवर कचेरीत येत, घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेत असतील. ‘आजीचा धर्म’ या रकान्यापासून निघालेली वाट पुढे छळछावण्यांपर्यंत गेली. तिने सुमारे साठ लाख ज्यूंचे प्राण घेतले. मी रोज कुणाचे ना कुणाचे रकाने भरते, म्हणून की काय, पण तो फॉर्म माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपणा विद्यार्थ्यांनाही मान खाली घालायला लावणारे एक पान त्या इतिहासात आहे. १० मे १९३३ च्या रात्री विद्यापीठांच्या शहरांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. त्या पोलिसांनी पेटवल्या नव्हत्या. जर्मन विद्यार्थी संघटनेने पेटवल्या होत्या. काही ठिकाणी प्राध्यापकही भाषणे करीत होते. आणि गेस्टापो या गुप्त पोलिसांविषयी संशोधकांनी जुन्या फायली तपासल्या, तेव्हा आढळले, की त्यांची माणसे लोक समजत त्यापेक्षा फार थोडी होती. पुष्कळशा प्रकरणांची सुरुवात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुगल्यांतून झाली होती. भिंतीचे कान आपलेच असतात.

‘समदे सरळ व्हतील’ या वाक्यातला खरा धोका येथे आहे. वाकडा कोण, हे ठरवणार कोण? ज्या रोमने हिटलरसाठी रस्त्यावर मारामाऱ्या केल्या, तोच १९३४ च्या उन्हाळ्यात वाकडा ठरला आणि मारला गेला. त्या दिवसांतले सारे खून कायदेशीर ठरवायला ३ जुलैला एक कायदा झाला. तो अवघ्या एका वाक्याचा होता. रशियात निराळी तऱ्हा. तेथे स्टालिनने १९२२ मध्ये पक्षाचे सरचिटणीसपद घेतले. ते काम कारकुनी म्हणून इतरांनी तुच्छ मानले. पण कोणाला कुठे नेमायचे, हे त्याच टेबलावर ठरत होते. १९३४ च्या अधिवेशनात निवडलेल्या मध्यवर्ती समितीतील १३९ जणांपैकी ९८ जणांना पुढे अटक करून गोळ्या घातल्या गेल्या. हा आकडा १९५६ साली ख्रुश्चेव्ह यांनीच सांगितला. खमक्याची सर्वांत जवळची खुर्ची सुद्धा सुरक्षित नसते.

आता त्या सात खेपांचे पाहू. जर्मनीत खमका माणूस आला, म्हणून खिडकीतला कारकून बदलला का? काही थोडे हाकलले गेले. बहुतेक अधिकारी आणि न्यायाधीश जिथल्या तिथे राहिले. १९३४ च्या ऑगस्टपासून त्यांची शपथ तेवढी बदलली. ती पूर्वी राज्यघटनेच्या नावाने होती, ती आता एका माणसाच्या नावाने झाली. खिडकी तीच राहिली, रांग तीच राहिली. मात्र ‘माझे काम का होत नाही?’ असे विचारण्याची सोय उरली नाही. आज अण्णा वैतागून का होईना, आठवी खेप घालू शकतात, वरच्या साहेबाकडे अर्ज करू शकतात, माहितीचा अधिकार मागू शकतात, मत फिरवू शकतात. खमका माणूस खेपा कमी करीलच याची हमी नाही. तक्रार मात्र तो नक्की बंद करील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, अशा आशयाचे ते शब्द आहेत. जर्मनीची राख तेव्हा अजून पुरती निवली नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. मीही करते आहे. उद्या आपल्यातला कुणी तलाठी होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी फौजदार, कुणी शिक्षक. घराण्यातली पहिली सही आपली असेल आणि तिच्याखाली सरकारी शिक्का असेल. खमक्या माणसाचे बळ त्याच्या मनगटात नसतेच. ते अशा हजारो साध्या सह्यांत असते. २३ मार्च १९३३ च्या त्या सभागृहात बाहेरून घोषणा येत होत्या, आत गणवेषधारी उभे होते. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे १२० पैकी ९४ जणच तेथे पोहोचू शकले होते. त्यांचे नेते ओटो वेल्स उठले आणि म्हणाले, की आमचे स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही घेऊ शकाल, आमची अब्रू नाही. त्या ९४ जणांनी विरुद्ध मत दिले. ते हरले, कित्येक तुरुंगात गेले, वेल्स परदेशात वारले. पण त्या दिवशीच्या ४४४ नावांपैकी एकही नाव मला पाठ नाही. वेल्स यांचे आहे.

मात्र नाही म्हणायला मार्चचा तो दिवस फार उशिराचा होता. सही नाकारणे स्वस्त असते ते आधी. कुलूप नुसते सैल झालेले असते तेव्हा. आपल्याला लिहिता-वाचता येते ते एवढ्यासाठी, की समोर आलेला कागद खालून वर नव्हे, तर वरून खाली वाचावा आणि मगच पेन उघडावे.