हात काळे होऊ नयेत म्हणून

परवा शॉपच्या मालकांनी पुन्हा विचारलं, "मिस्त्री, सीएनसीवर एखादा पोरगा बघा की. दुसऱ्या शिफ्टला मशीन बंद पडून असतं." मी "बघतो" म्हणालो आणि घरी आलो. घरात माझा मुलगा मोबाइलवर भरतीच्या जाहिराती बघत बसला होता. वय 26, बी.कॉम.

ही पोस्ट कुणाला शहाणपण शिकवायला नाही. माझी चूक सांगायला लिहितोय.

मी टर्नर. 1994 ला आयटीआय पास झालो, वर्षभर अप्रेंटिस केली. आधी उद्यमनगर, मग शिरोली एमआयडीसी. कोल्हापूरच्या फौंड्रीतलं कास्टिंग आमच्याकडं मशीनिंगला येतं, त्यावरच माझं घर उभं राहिलं. दहावीला पोराला 71 टक्के पडले, तेव्हा तो स्वतःहून म्हणाला होता, "पप्पा, मी पण आयटीआयचा फॉर्म भरू?" मी म्हणालो, "माझे हात बघितलास का? तुझे असे व्हायला नकोत." पै-पाहुण्यांतही एकच बोलणं, पोरगा पदवीधर नसला तर मुलगी कोण देणार?

पदवी झाली. मग स्पर्धा परीक्षा सुरू. 2024 च्या पोलीस भरतीला राज्यात 17 हजार 471 जागा आणि 17 लाखांच्या वर अर्ज. म्हणजे एका जागेला शंभर पोरं. त्या शंभरात आमचा एक.

त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी पासला महिना 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. मुदत सहा महिने, पुढं वाढवून अकरा केली. पोरगा एका सरकारी कार्यालयात लागला. सकाळी डबा घेऊन निघायचा. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत घरात हसू होतं. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "आज काय शिकलास?" "झेरॉक्स काढल्या." दुसऱ्या दिवशी, "फायलींना नंबर घातले." दोन महिन्यांनी मी विचारायचं बंद केलं. तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांच्याच मागं कामाचा रगाडा, ती शिकवणार कधी?

मुदत संपली, प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन एका ठिकाणी मुलाखतीला गेला. समोरच्यानं विचारलं, "टॅली येतं? जीएसटीचं रिटर्न भरता येतं?" येत नव्हतं.

मला माझे पहिले मिस्त्री आठवले. पहिला महिनाभर त्यांनी मला फक्त ग्राइंडरवर टूल घासायला लावलं. अँगल चुकला की टूल बाजूला टाकायचे, शिव्या द्यायचे आणि शेजारी उभं राहून परत घासून घ्यायचे. आज मायक्रॉनमध्ये माप काढतो ते त्या महिन्याच्या जिवावर. प्रशिक्षणात शेजारी उभा राहणारा माणूस लागतो. तो नसेल तर पोरगं नुसतं बसून राहतं, मग महिन्याला 10 हजार द्या नाहीतर 20.

आयटीआयवाल्यांचं सगळं सोनं झालंय, असंही समजू नका. अप्रेंटिस म्हणून घ्यायचं, पहिल्याच आठवड्यात पूर्ण शिफ्ट अंगावर टाकायची, वर्ष संपलं की नवी बॅच. हेही मी डोळ्यानं बघितलंय. अप्रेंटिस कायदा 1961 चा. 30 किंवा जास्त कामगार असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. नंतर नोकरी देणं मात्र बंधनकारक नाही. 2014 च्या दुरुस्तीत एवढंच आलं की अप्रेंटिसना कामावर घेण्याबाबत प्रत्येक आस्थापनेनं आपलं धोरण ठरवावं. असं धोरण कुठल्या गेटवर लावलेलं तुम्ही बघितलंय? मी तीस वर्षांत एकदाही नाही. आणि मग हेच लोक म्हणतात, कुशल माणूस मिळत नाही. मिळेल कसा? बारा तासाला देता किती, तेही सांगा की.

म्हणून पालकांना आणि पोरांना एकच विनंती. कॉलेज असो, आयटीआय असो, नाहीतर सरकारी योजना, सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. शिकवणार कोण? संपल्यावर मला नेमकं काय करता येईल? मागच्या बॅचची पोरं आज कुठं आहेत? उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.

आणखी एक. आयटीआयला वयाची वरची अट नाही आणि प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो. पदवीधरालाही जाता येतं. ही गोष्ट रात्री पोराला सांगितली. तो म्हणाला, "दहा वर्षांपूर्वी मी हेच विचारत होतो, पप्पा." मी गप्प बसलो. काय बोलणार?

थोड्या वेळानं तोच म्हणाला, सोमवारी शॉपवर येऊन बघतो. मालकांना मी सांगून ठेवलंय, पहिले तीन महिने त्याच्या शेजारी मी उभा राहणार, तोवर त्याच्याकडं प्रॉडक्शन मागायचं नाही. ते "बरं" म्हणालेत. पगाराचं बोलणं अजून व्हायचंय.