हरकत घेणारा माणूस

शिरूर तालुक्यातील केंदूर वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संत कान्हूराज पाठक यांचे गाव म्हणून. तिथल्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल. म्हणजे पुस्तके मागवणारा, दाखल नोंदवही भरणारा, देवघेव पाहणारा आणि सकाळी केर काढणाराही. एकट्याने काम करतो म्हटले की लोक विचारतात, कंटाळा येत नाही का? सोबत भरपूर असते. वर्तमानपत्राला आलेली मंडळी दुपारपर्यंत हलत नाहीत. उणीव असते ती आपल्या निर्णयाला हरकत घेणाऱ्याची.

कान्हूराजांचे अभंगच घ्या. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी कवितेचा अंक ८९१.४६१, हिंदू धर्माचा २९४.५. ज्ञानेश्वरी गीतेवरील टीका मानली तर २९४.५९२४, काव्य मानले तर पुन्हा ८९१.४६१. (ख्रिस्ती धर्माला या पद्धतीत २२० ते २८० असा ऐसपैस वाडा आहे आणि आपल्या साऱ्या धर्मग्रंथांना एका खोलीत दाटीने राहावे लागते, ही तक्रार जुनीच.) मी अभंग कवितेत ठेवले, साहित्याच्या विद्यार्थ्याला ते तुकारामांशेजारी भेटावेत म्हणून. वाचकांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. पुस्तक हाती आले, त्यांचे काम झाले.

एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा तिथला एकांत त्यांना इतका असह्य झाला की गणिताच्या वर्गात परत घ्या म्हणून त्यांनी विनवणी केली. त्यांना लंडनला शिकायला पाठवण्यात आले. तिथे ग्रंथालयांमागून ग्रंथालये पाहताना त्यांना या कामातले प्रश्न दिसू लागले आणि परतल्यावर वर्गाची ओढ उरली नाही. त्याआधीच बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणले होते. १९१२ मध्ये तेथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघाले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालयशास्त्राची चर्चा मराठीत वाचता यावी, ही गरज तेव्हाच कुणाला तरी जाणवली होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

आज अधिवेशने होतात, शिबिरे होतात. पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान २०२२ मध्ये साठ टक्क्यांनी वाढले, तेव्हाही ते अठ्ठेचाळीस हजार रुपयेच झाले. त्यात पगार, पुस्तके, वीज सारे बसवायचे. शिवाय मी प्रवासाला निघालो की वाचनालयाला कुलूप.

म्हणून शेजारच्या तालुक्यातील एका ग्रंथपालबाईंशी मी महिन्यातून एकदा फोनवर बोलतो. नवी पुस्तके आणि त्यांना दिलेले अंक आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो. कान्हूराज ऐकताच त्या म्हणाल्या, “तुमच्या गावात अभंग म्हणतात हो, वाचतात किती जण? दिंडीतला माणूस ते कवितेच्या कपाटात कशाला शोधेल?” आठवडाभर मी अस्वस्थ होतो; तो आनंदच होता. अखेर पुस्तक जागेवर ठेवून तालिकेत धर्माखाली आणखी एक नोंद केली. ज्ञानेश्वरीवर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.