मण्यांनी मोजलेला श्वास

तापाने वसतिगृहाच्या खोलीत पडून आहे. छाती भरलेली, बाहेर लंडनचा पाऊस. जागतिक आरोग्य आणि विकास या विषयात एमएससी करायला आले, आणि उद्याच्या वर्गासाठी वाचायचा आहे गडचिरोलीचाच शोधनिबंध. तिथे काम करणारं डॉक्टर बंग दांपत्य आणि सहकाऱ्यांचा, 'लॅन्सेट'मधला, १९९९ सालचा. गावातल्याच आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी केले, हे तक्त्यांत स्पष्ट दिसतं.

माझं मन मात्र बंग दांपत्याच्या श्वासमापकापाशी घुटमळतंय. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. फार पुढे मोजता न येणाऱ्या दाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून. किती माया आहे या कल्पनेत! आणि किती विश्वास, त्या बाईच्या डोळ्यांवर, बोटांवर.

वर्गात आम्ही सगळ्यांसाठी आरोग्य मागणाऱ्या १९७८च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यावर तासन्‌तास बोलतो. बोलायलाच हवं. पण सगळ्यांसाठी आरोग्य म्हणजे काय, हे मला त्या मण्यांत जास्त कळतं.

प्रबंधासाठी गडचिरोलीला जावंसं वाटतंय. तिथली एखादी आरोग्यदूत मला काय विचारेल, कोण जाणे.