बाबांनी खत घालू नये

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी शाळेतून बँक्सियाचे रोप आणले. मी शेतकऱ्याचा मुलगा. नोकरी संगणकाची असली, तरी खत घालायला मला कुणी शिकवायला नको! दुकानातून सुपर फॉस्फेट आणून मूठभर घातले. पाने पिवळी पडली, तेव्हा आणखी एक मूठ घातली. महिन्याभरात रोप वाळले. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग वाचायला बसलो. हिमयुगात उत्तर युरोप आणि कॅनडात हिमनद्यांनी खडक भरडून नवी माती केली. ऑस्ट्रेलियात तसे फारसे घडलेच नाही. इथली बरीचशी माती फार जुनी. लक्षावधी वर्षांच्या पावसाने तिच्यातला फॉस्फरस धुऊन नेला. बँक्सियाने त्यावर तोड काढली. पालापाचोळ्याखाली ते बारीक मुळांचे दाट झुबके सोडते. त्यांतून लिंबात असते तसले आम्ल पाझरते आणि मातीला चिकटलेला फॉस्फरस सुटा होतो. पान गळण्यापूर्वी त्यातला बराचसा फॉस्फरस झाड परत काढून घेते. (आमच्या आजीचा संसार असाच होता.) पण बऱ्याच बँक्सियांना ‘पुरे’ म्हणता येत नाही. मिळेल तेवढा फॉस्फरस शोषून घेतात आणि त्यानेच मरतात.

आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "अरे, उपाशी माणसाला कुणी एकदम पंगतीला बसवतं का?"

आता दुसरे रोप लावले आहे. त्याला फक्त पाणी आणि पालापाचोळा. शेजारी चिरंजीवांनी पाटी रोवली आहे: "बाबांनी कत घालू नये." ‘ख’ चुकला आहे, पण मी काही बोललो नाही.