शून्य, पण फर्म

भोसरीच्या एमआयडीसीत माझं एक वर्कशॉप आहे. किती मोठं म्हणाल, तर ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ ही पाटी आडवी मावली नाही, उभी लावावी लागली.

गिऱ्हाईक मात्र थोर! त्यांची ऑर्डर ‘ओपन’ असते. म्हणजे दर पक्का, नग किती ते देवाला ठाऊक. महिन्याच्या महिन्याला शेड्यूल येतं. चालू महिन्याचे आकडे ‘फर्म’, पुढचे ‘टेंटेटिव्ह’. मुलीकडच्यांनी कार्यालय ठरवावं आणि मुलाकडच्यांनी ‘नवरदेव बहुधा येतील’ असं कळवावं, त्यातला हा प्रकार. बरं, कार्यालय ठरवलं नाही तर, ‘तुमची कमिटमेंट दिसत नाही हो!’

2019 च्या अखेरीस पंपाचा एक नवा भाग निघाला. त्याचं कास्टिंग कोल्हापूरचं. कास्टिंग ओतायचं तर आधी लाकडाचा पॅटर्न लागतो, आणि तो त्या एका भागाखेरीज जगात कशाच्याही उपयोगाचा नसतो. परचेसचे साहेब फोनवर म्हणाले, ‘अहो, आपलं नातं आहे, करा सुरू.’ मी तेच वाक्य कोल्हापूरला धाडलं; फक्त ‘अहो’च्या जागी ‘अण्णा’ घातलं.

‘तुम्ही म्हणतायसा न्हवं? मग झालं,’ अण्णा म्हणाले आणि पदरचे पैसे घालून त्यांनी पॅटर्न केला.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला. पुढचं शेड्यूल वेळेवर आलं. सगळ्या रकान्यांत शून्य. शून्यापुढे मात्र ‘फर्म’!

मागचं बिलही अडकलेलं. आमच्यासारख्या छोट्यांचे पैसे माल घेतल्यापासून फार तर 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. त्याचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली असतो. साहेब आले की चहाची बशी मी नेमकी त्याच्यावर ठेवतो.

आता अण्णांना काय सांगायचं? मी फोनवर बोलायच्या वाक्याची तालीम करत होतो. सौ. म्हणाली, ‘तुम्ही अगदी त्या साहेबांसारखं बोलायला लागलात.’

मग पॅटर्नचे अर्धे पैसे मी दोन चेकांनी पाठवले. पहिला लगेच वटला. दुसऱ्याच्या तारखेला खात्यात काही नव्हतं. मी धास्तावून बसलो होतो. अण्णांनी तो तीन महिने भरलाच नाही. मी काही बोललो नव्हतो, बरं का.

2021 साली साहेबांचा पुन्हा फोन आला. मी कोल्हापूरला लावला.

‘पॅटर्न माळ्यावर हाय,’ अण्णा म्हणाले. ‘पन या टायमाला शब्द कुनाचा? त्यांचा का तुमचा?’

‘माझा.’

‘मग काढतो खाली.’