सहाव्या वर्षाची दाढ

चि. सोनूस,


तुझ्या मुलाला, छोटूला, मागे नवी दाढ येतेय आणि घरात सगळे ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणताहेत, असं तुझ्या पत्रात होतं. ती पडायची नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता जी दाढ हळूच वर येते ती कायमची. कुणाला पत्ताच लागत नाही, आणि कायमच्या दातांत बहुधा तीच आधी किडते.

दोष नेहमीच आळसाचा नसतो. नव्या दाढेच्या माथ्यावर खोल चिरा असतात. काही तर ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद. दात घासले म्हणजे साफ झाले, ही समजूत तिथेच फसते. हॉलंडातल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहुक रोज सकाळी मिठाने दात घासायचा, काडीने दाढा कोरायचा, वर फडक्याने पुसायचा. तरी दाढांच्या फटीत पांढरट, पिठाच्या घोळासारखा थर राहायचाच. तो त्याने पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला, तर आत इवले जीव वळवळताना दिसले. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवलं. इतका टापटिपीचा माणूस, त्याची ही गत!

हे जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि आम्लाने दाताचं कवच विरघळतं. लाळ ते हळूहळू भरून काढते, पण तिला उसंत हवी. १९४५ नंतर स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हीपेहोल्म इथे मतिमंदांच्या संस्थेतल्या रुग्णांना मुद्दाम गोड खाऊ घालून पाहिलं गेलं. जेवणाबरोबरच्या साखरेने फारसं बिघडलं नाही. जेवणांच्या मधल्या वेळी दिलेल्या चिकट टॉफीने मात्र दात भराभर किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्यावर केलेला हा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही, करूही नये. पण शाळेच्या बसमध्ये छोटूच्या हातात पडणारं चॉकलेट जेवणाच्या ताटातल्या शिऱ्यापेक्षा वाईट का, ते त्यातून कळतं.

दाढ पूर्ण वर आली की दातांच्या डॉक्टरांना चिरा बुजवणाऱ्या ‘सीलंट’विषयी विचार. ड्रिल नाही, सुई नाही. दाढ कापसाने कोरडी करतात, वर जेल लावून धुतात; वाळल्यावर माथा खडूसारखा पांढरा दिसतो. मग पातळ द्रव चिरांत सोडतात, निळा दिवा धरला की तो घट्ट होतो. पोराला बहुतेक दिव्याचीच गंमत वाटते. टूथपेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळाखळा चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. रात्रीचं घासणं चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

आता तुझं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तू तिथे ब्रश लावत नाहीस, हे उलटं झालं. रक्त येतं ते बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे. ब्रश तिरका धरून, हलक्या हाताने नेमकं तिथेच घासायचं. थर घट्ट होऊन किटण झालं असेल तर ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरांकडून खरवडून घ्यावं लागतं, म्हणजे स्केलिंग. त्याने दात सैल होतात, फटी पडतात, असं तुझ्या शेजारणी सांगतील. फट आधीचीच असते, किटणाने बुजलेली. तरीही रक्त थांबलं नाही तर साखर तपासून घे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात.

आणि सासूबाईंची मिश्री. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटली तरी ती तंबाखूच. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्याला कायदा लागत नाही, एवढंच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, तलफ तोडणं त्या वयात सोपं नाही. पण छोटूला घेऊन जाशील तेव्हा त्यांनाही बरोबर ने आणि डॉक्टरांना गालाची आतली बाजू बघायला सांग. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम लवकर दिसलेली बरी. तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तुझी,
मावशी