खंडानंतरची पदवी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. आम्ही सातारा-सांगलीकर त्या दिवसाचा अभिमान बाळगतो. पुढील वाट मात्र क्वचितच मोजतो. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी. ए., १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडावा लागला. बाबासाहेब १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. छापील प्रबंधाच्या प्रती सादर केल्यावरच कोलंबियाची पीएच. डी. मिळे, ती १९२७ साली हाती आली.

जत, माणसारख्या दुष्काळी भागांतून वसतिगृहात आलेल्या आम्हां मुलांना या वाटेतील खंडच अधिक जवळचे वाटतात. दहावीचा निकाल लागला की घरी शिक्षण पुरे झाले असे मानले जाई. कित्येकांची वाट फीअभावी तेथेच खुंटली, मुलींची लग्नामुळे.

पालकहो, खंड पडला म्हणून शिक्षण संपले असे समजू नका. परतणाऱ्याला पुस्तके, परीक्षा फी आणि राहण्यास जागा मिळवून देणे, हे आपणां माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य होय.